डोंगरातील मुक्काम आणि त्याचे मोल

आषाढ लागला म्हणजे आमच्या उचगावातून, आणि एका उचगावातूनच का, करवीर तालुक्याच्या बहुतेक गावांतून तरुणांच्या टोळ्या पन्हाळ्याच्या वाटेला लागतात. १६६० सालच्या जुलैत शिवछत्रपती सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडास गेले, आणि जिच्यावरील खिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले, ती वाट तशाच पावसात आणि तशाच चिखलात आपल्या पायांनी चालून पाहावी, एवढाच ह्या मुलांचा हेतू असतो. त्यांतील काही शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत पाळीवर जाणारे, काही विद्यार्थी. वाट सुमारे पन्नास किलोमीटरांची आहे. मसाईचे पठार ओलांडून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबर्डे अशा वाड्यावस्त्या घेत ती पांढरपाण्याकडे जाते. एका दिवसात ती उरकणारे थोडे; बहुतेकांची एक रात्र मध्ये कोठे तरी पडतेच. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप, नाहीतर कोणा शेतकऱ्याच्या घराचा सोपा, असा तो मुक्काम असतो. पूर्वी तो बहुधा फुकट होत असे. अलीकडे निजावयाच्या जागेचे आणि जेवणाचे माणशी काही पैसे घेण्याची रीत ह्या वाटेवर पडू लागली आहे. आणि परत आलेल्या मुलांच्या तोंडून, पायांतील फोडांच्या कौतुकाबरोबर, एक तक्रारही ऐकू येते. महाराजांच्या वाटेवर भाडे कसले? डोंगरात रात्र काढावयाचे पैसे कसले?

प्रश्न शंभर-दोनशे रुपयांचा आहे, म्हणून तो क्षुल्लक मानावा असे आम्हांस वाटत नाही. ह्या तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. डोंगर कोणाच्या बापाचा नाही, तो सर्वांचा आहे, ही एक. आणि आसरा ही विकावयाची वस्तूच नव्हे, ही दुसरी. पहिलीचा निकाल लवकर लागतो. डोंगर सर्वांचा असेल, पण डोंगरावर छप्पर आपोआप उगवत नाही, आणि सारवलेली जमीन, भरलेली घागर, कोरडे सरपण ह्यांपैकी काहीही सह्याद्रीने स्वतः होऊन कोणास दिलेले नाही. दुसरी गोष्ट मात्र अशी झटकून टाकता येत नाही. वाटसरूस पाणी पाजून पैसे मागणे हे आपल्याकडे आजही लाजिरवाणे समजतात. उन्हाळ्यात पाणपोई घालणारा दुकानदार गल्ल्यावर कितीही घट्ट असला तरी रांजणापाशी उदार होतो. तेव्हा मुलांच्या तक्रारीमागे केवळ कंजूषपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे एक फार जुना संस्कार आहे. तो संस्कार नक्की काय सांगतो, एवढेच पाहिले पाहिजे.

जुन्नराहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख त्याच्या भिंतींवर आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण ह्यांची लांबच लांब जंत्री आहे. व्यापारी तांड्यांनी ह्या लेण्यात विसावा घ्यावा, आणि आजच्या डोंगरभटक्यांनीही त्यातच रात्र काढावी, असा हा दोन हजार वर्षांचा निवारा. ह्याच घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे आणि तो जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. समजूत खरी असेल तर मोठी अर्थपूर्ण जोडी म्हणावयाची: फुकट निवारा आणि जकातीचा रांजण एकाच घाटमाथ्यावर शेजारी नांदत होते. बैलाच्या पाठीवरील मालावर कर पडे. माणसाच्या पाठ टेकण्यावर नाही.

ह्याहून स्पष्ट पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याने तेथील लेखात आपली दाने नोंदविली आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारे येथे त्याने चौसोपी विश्रांतिगृहे बांधून दिली. तापी, दमणा आदी सहा नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेविल्या. येथवर वाचले म्हणजे आमच्या तरुण मित्रांची बाजू बळकट झालीसे वाटते. परंतु तेथल्याच दुसऱ्या लेखातील हिशेब पाहावा. लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी उषवदाताने दोन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक ह्या व्याजाने ठेविले. हे द्रव्य परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, अशी अट आहे. वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. आणि लेख म्हणतो की वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा द्यावे. एका कार्षापणाचाही घोळ नाही! पांघरावयाचे वस्त्र ज्याला फुकट मिळाले त्याला ते खरोखर फुकट होते, पण ते कोणाच्या खात्यावर पडत होते, हे दगडावर कोरून ठेविलेले होते. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळांची आणि घाटांचीही हीच गोष्ट. त्यांचा खर्च त्यांच्या खासगी उत्पन्नातून चाले, आणि त्या उत्पन्नाला गावे लावून दिलेली होती.

तात्पर्य हे की, आसरा विकू नये असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी आसऱ्याला खर्च येत नाही असे कधीच मानले नाही. त्यांनी एवढेच पाहिले की तो खर्च दारात उभ्या असलेल्या थकल्या माणसाकडून, त्याच्या अडचणीच्या घटकेला, वसूल होऊ नये. आम्ही संस्काराचा उत्तरार्ध तेवढा घेतला आहे आणि पूर्वार्ध विसरलो आहोत. करपेवाडीच्या सोप्यामागे कोणी उषवदात उभा नाही. मग तेथे फुकट काढलेल्या रात्रीचे दोनशे चाळीस कार्षापण कोण भरतो?

ते त्या घरची बाई भरते. आषाढ म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस. पन्हाळा-शाहूवाडीच्या डोंगरपट्ट्यात वर्षाचे अन्न ह्या दोनतीन आठवड्यांत चिखलात रोवले जाते. दिवसभर वाकून, इरल्याखाली भिजून ती घरी येते, तो सोप्यावर चाळीस माणसे. त्यांच्या अंगावरून पाणी निथळत असते, आणि प्रत्येकाच्या बुटांबरोबर मसाईच्या पठाराचा थोडा थोडा अंश आत आलेला असतो. त्यांना चहासाठी पेटवावयाचे लाकूड पावसात कोठून आणावयाचे? ते तिने उन्हाळ्यात डोक्यावरून आणून माळ्यावर रचून ठेविलेले, चार महिन्यांची बेगमी म्हणून. एका रात्री त्यातले आठवड्याचे सरपण जाते. पहाटे मंडळी घोषणा देत निघून गेली म्हणजे सोपा पुन्हा सारवावयाचा, आणि लावणीला उशीर झाला म्हणून शेतात बोलणी खावयाची. ह्या सर्वाला आम्ही आतिथ्य म्हणतो, आणि शहरात येऊन खेड्यातील माणसांच्या मनाच्या मोठेपणावर भाषणे करतो. मन मोठे असते हे खरे आहे. पण ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने ज्याच्या घरात ते नाहीत त्याच्या मोठेपणावर रात्र काढावी, ह्या व्यवहाराला काय नाव द्यावे ते आम्हांस ठाऊक नाही. आतिथ्य हे खचितच नव्हे.

ह्या शब्दाचाच विचार केला तर बरे. अतिथी म्हणजे ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी आपल्याकडे व्युत्पत्ती सांगतात. अवेळी, अनपेक्षित, बहुधा नाइलाजाने जो दारात येतो, त्याच्यासंबंधी धर्मशास्त्राने घरधन्यावर कर्तव्य घातले आहे. ज्याने महिनाभर आधी तारीख ठरविली, चाळीस सोबत्यांची यादी केली, पाठीवरच्या पिशवीसाठी आणि पावसाळी कोटासाठी चार-पाच हजार रुपये खर्च केले, आणि जो पाऊस पडतो म्हणूनच मुद्दाम पावसात निघाला, तो दुसरा काहीही असो, अतिथी नव्हे. तो आनंदासाठी आलेला आहे. त्याच्या आनंदात आम्हांस काही वावगे दिसत नाही. उलट तरुणाने वर्षातून चार रात्री घराबाहेर, उघड्यावर काढाव्या हे आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो. परंतु आनंदाच्या सामग्रीची किंमत असते, आणि ती ज्याची त्याने द्यावी, ह्यात अधर्म कोठे आला?

आता ह्याची दुसरी बाजू. पाय मुरगळलेला, धुक्यात वाट चुकलेला, ओढ्याला पाणी चढल्यामुळे अडकलेला माणूस दारात आला तर त्या क्षणी तो पुन्हा अतिथी होतो; मग तो आनंदासाठी निघाला होता की कशासाठी, हे विचारावयाचे नाही. त्याच्यापुढे पैशांचा शब्द काढणे म्हणजे बुडत्याशी दोराची घासाघीस करणे होय. आसरा आणि मुक्काम ह्या दोन गोष्टींत हा भेद आम्ही करतो, आणि आमच्या मते सगळा वाद ह्या भेदाच्या अभावी माजला आहे. आसऱ्याचे मोल घेता येत नाही. मुक्कामाचे द्यावयास हवे.

येथे कोणी म्हणेल, की मग प्रश्न सुटला. दरपत्रक लावा आणि पावती फाडा. इतके सोपे ते नाही. पैशाला एक खोड आहे. तो देणे फेडतो, आणि त्याबरोबर देणेकऱ्याच्या मनातील भिडही फेडून टाकतो. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांत ग्नीझी आणि रुस्तिचिनी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यावयास आईबाप उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांत उशिराबद्दल लहानसा दंड ठेविला. परिणाम असा झाला की उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाली. दंड होता तोवर आणि तो काढून टाकल्यावरही ती पूर्वीच्या आकड्यावर आली नाही. पूर्वी बाईंना तिष्ठत ठेवल्याची लाज वाटे. आता पैसे टाकले की उशीर विकत घेतल्यासारखे झाले. डोंगरातही हे घडते. पैसे न देता निजलेला मुलगा निदान चोरट्यासारखा हळू बोलतो. पैसे मोजलेला म्हणतो, पाणी गरम का नाही? ज्या बाईच्या कष्टांची भरपाई व्हावी म्हणून पैसा आणला, तिला तोच पैसा मोलकरीण करून टाकतो.

आणि पैशाच्या मागोमाग ठेकेदार येतो. जेथे दर ठरला तेथे नफा दिसू लागतो, आणि नफा दिसला की तालुक्याच्या गावचा कोणी तरी येऊन तंबू ठोकतो, दिवे लावतो, कर्णे वाजवितो. मग ज्या मुलाची आठवड्याची मजुरी त्या एका रात्रीत जाईल, तो डोंगरावर येणे सोडून देतो. आम्हांस ह्याची चिंता अधिक वाटते. बापाची मोटार ज्याच्या दारात आहे तो मुलगा आणि रात्रपाळी करून आलेला मुलगा एकाच घोंगडीवर निजले असे दृश्य ज्या थोड्या ठिकाणी अजून दिसते, त्यांत ही डोंगरातली वाट आहे. ती हरपू देणे परवडणारे नाही.

ओघात आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या जिल्ह्यातील दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले; आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटरांवर पसरले आहे, आणि गव्यांसाठी त्याची ख्याती आहे. तेथे प्रवेशाला शुल्क पडते. ह्याचे समर्थन करताना कोणी कोणी म्हणतात की शुल्क असले म्हणजे गर्दी आवरते. येथे दोन हेतूंची सरमिसळ होते. गव्याला निवांतपणा हवा म्हणून माणसांची संख्या आवरावयाची असेल तर ती जरूर आवरावी. पण मग नावे घेऊन क्रमांक लावावा, किंमत वाढवू नये. किमतीने गर्दी आवरणे म्हणजे गरिबाला आवरणे. पन्हाळा, राजगड आदी बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यामुळे हा प्रश्न पुढे बिकट होणार आहे, म्हणून आताच बोलून ठेवलेले बरे.

इतर देशांनी ह्या गाठीचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. न्यूझीलंडच्या रानांत तेथील सरकारी संवर्धन खात्याचे नऊशेंहून अधिक निवारे आहेत. त्यांतील पुष्कळांसाठी आधी तिकीट घ्यावयाचे आणि निवाऱ्यातील पेटीत टाकावयाचे. अगदी साध्या, चार भिंती आणि छप्पर एवढ्याच निवाऱ्यांना मात्र काही पडत नाही. स्कॉटलंडात १९६५ साली स्थापन झालेली एक मंडळी सुमारे शंभर जुनी पडकी घरे दुरुस्त करून पांथस्थांसाठी उघडी ठेवते. तेथे पैसा नाही, राखणदार नाही, कुलूपही नाही. वर्षातून काही दिवस सभासद स्वतः जाऊन कौले बसवितात, भिंती लिंपतात. नॉर्वेतील गिरिभ्रमण संस्था १८६८ सालची. तिच्या अनेक घरांत कोणीच नसते. सभासदाजवळ सर्व घरांना चालणारी एकच किल्ली असते, कोठीत धान्य व डबे असतात, आणि किती रात्री राहिलो, काय खाल्ले, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करून पैसे भरावयाचे. दारात कोणी हात पसरीत नाही, आणि फुकटही कोणी राहत नाही. नॉर्वेची संपन्नता आपणांजवळ नाही हे खरे, पण देवळातल्या दानपेटीत कोण किती टाकतो हे पुजारी पाहत नाही, आणि तरी शतकानुशतके नंदादीप जळत आले. तेव्हा ही गोष्ट आपल्या स्वभावात अगदीच नाही असे नव्हे.

मग आमचे म्हणणे काय? छप्पर लोकांचे असावे आणि चूल पांथस्थाची असावी, असे आमचे म्हणणे आहे. वाटेवरील शाळेच्या पडवीची, देवळाच्या मंडपाची, एखाद्या साध्या निवाऱ्याची डागडुजी सरकारी खजिन्यातून व्हावी. उषवदाताची ती जागा आज कर भरणाऱ्या आपणां सर्वांची आहे. ह्या छपराखाली अंग टेकण्याचे कोणाकडूनही काही घेऊ नये. त्यापलीकडे जे जे लागते, म्हणजे पाणी, सरपण, भाकरी, दिवा आणि दुसऱ्या दिवशीची झाडलोट, त्याचे मोल येणाऱ्याने द्यावे; ते आधी नव्हे, सकाळी निघताना द्यावे; आणि ते गावाच्या हाती पडावे. सातारच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात भोवतालच्या गावांची समितीच शुल्क घेते आणि पठाराची राखण करते, तसे काही पन्हाळ्याच्या वाटेवर का होऊ नये? आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्यासाठी आपल्याच भागात एक उत्तम रीत पडलेली आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील मुलांना फुकटही ठेविले नाही आणि पैशांसाठी अडविलेही नाही. कमवा आणि शिका म्हणून हाती कुदळ दिली. चार घागरी पाणी आणून देणारा, एक भारा लाकूड फोडून ठेवणारा, किंवा लावणीच्या चिखलात अर्धा दिवस वाकणारा मुलगा कोणाचा ऋणी राहत नाही.

ह्यावर आक्षेप असा, की विश्वासावर सोडले तर निम्मे लोक बुडवितील. निम्मे नव्हे, पण काही बुडवितील हे आम्ही मान्य करतो. राजगडावरील पद्मावतीच्या देवळाची किंवा हरिश्चंद्रगडावरील लेण्यांची काजळलेली छते आणि भिंतींवर कोरलेली प्रेमिकांची नावे ज्यांनी पाहिली आहेत, ते मनुष्यस्वभावाविषयी फार भोळे राहू शकत नाहीत. म्हणूनच बुडीत जाणारी रक्कम त्या बाईच्या पदरी पडू नये, ती सार्वजनिक खात्यावर पडावी, असे आम्ही म्हणतो. चार लबाडांचे मुक्काम आपणां सर्वांच्या करातून भागले तर आपले फार बिघडणार नाही. त्या चौघांना आवरण्यासाठी दारावर पहारेकरी बसविला, तर पावसात भिजलेल्या शंभरांना प्रथम त्याचे तोंड पाहावे लागेल, हे आम्हांस अधिक जाचते.

राहता राहिला तो प्रसंग, ज्याला आमच्या ह्या सर्व मांडणीत कोठेच जागा नाही. पांढरपाण्याच्या अलीकडे, वाटेपासून जरा आत, धनगरवाडे आहेत. तेथे एखादी म्हातारी ताकाचा तांब्या पुढे करते, आणि पैसे काढले तर रागावते. "पैसं नगं काढू, लेकरा. तुझी आई इकत देती व्हय?" असे म्हणणाऱ्या बाईच्या हातात नोट कोंबणे हा उपमर्द आहे, आणि तसेच निघून जाणे हा वर वर्णिलेलाच व्यवहार आहे. अशा ठिकाणी थोडे बसावे, एवढेच आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत असतो. घाईने उठू नये. बहुधा थोड्या वेळाने तीच काही तरी सांगते: खालच्या गावात लेक दिलेली आहे, मोबाईलला इकडे रेंज धरत नाही, जाताना तेवढे तिला सांगा की आई बरी आहे आणि म्हैस व्याली. ते गाव वाटेवर नसते. मैलभर आडवे जावे लागते, आणि पाय तर आधीच सुजलेले असतात.